वीसपैकी म्हैस

ज्या वर्षी मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर पाण्याची बाटली विकत घेतल्याशिवाय समोर ताट येत नव्हतं, त्या वर्षी शिवकन्येनं नववीच्या वर्गात फळ्यावर ‘अपेक्षा’ असा शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. रेघ ओढताना खडू मोडला. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण बी.एस्सी. बी.एड. झालेल्या माणसाला शकुनावर विश्वास ठेवता येत नाही, ही त्या शिक्षणातली मोठीच उणीव आहे.

गाव चकलांब्याच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं आपापल्या म्हशींच्या मार्कांबद्दल अजून हळवी आहेत.

गावातल्या हायस्कूलचं मंडळ होतं आणि मंडळाचे अध्यक्ष होते भगवानराव. दूध सोसायटीचे चेरमन भगवानराव. दुष्काळात गुरांसाठी माळावर चारा छावणी उघडली होती, ती चालवणारेही भगवानरावच. गावात कुणी नुसतं ‘चेरमन’ अशी हाक मारली तर माणूस एकच वळायचा, पण वळता वळता तो विचार करायचा की आपण आत्ता नेमके कशाचे.

शिवकन्येची नेमणूक एका वर्षाची होती. पुढच्या वर्षी बाई राहणार की जाणार, हे चेरमनच्या सहीवर होतं. आणि बाईंना राहायचं होतं. जीव तोडून राहायचं होतं. लग्नानंतर पाच वर्षं तिनं आपली पदवी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली होती. आता ती बाहेर काढून रोज सकाळी अंगावर चढवल्यासारखी ती शाळेत जायची. घरी अडीच वर्षांची राणू शेजारच्या वत्सलाबाईंकडे ठेवायची, तासागणिक तिच्या खोकल्याची काळजी करायची आणि तरीही वर्गाच्या दाराशी आली की छातीत असं काही हलायचं, की पेशीचं केंद्रकसुद्धा तिला मंगलकार्य वाटायचं.

अडचण एवढीच होती की जीवशास्त्राच्या तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे वीस मार्क या शाळेत प्रसादासारखे वाटले जात. आला त्याला वीस. नाही आला त्याला एकोणीस, कारण नाही आलेल्याला थोडी शिक्षा पाहिजे.

“यंदा तसं नाही,” शिवकन्या वर्गाला म्हणाली. “प्रत्येकानं एक सजीव निवडायचा. महिनाभर रोज बघायचा. तो काय खातो, कसा बसतो, कुणाला घाबरतो. परीक्षेला मी विचारीन. ज्यानं जेवढं पाहिलं, तेवढे मार्क. नमुना सोबत आणता आला तर उत्तमच.”

नमुना म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे एखादं पान होतं, फार तर काडेपेटीत मुंगळा. तिचं शिक्षण औरंगाबादच्या कॉलेजात झालेलं. तिथं नमुने बरणीत बसायचे.

*

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, जी शिवकन्येनं घेतली नाही. त्या वर्षी गावातली झाडं वाळली होती, फुलपाखरं कुठं गेली ती गेली, बेडूक तर आठवणीतच उरले होते. वर्गातली बहुतेक पोरं शाळा सुटली की छावणीवर जायची, कारण घरातलं एक माणूस गुरांपाशी मुक्कामाला असायचं आणि त्याचा डबा न्यावा लागायचा. तेव्हा जवळ, जिवंत आणि रोज दिसणारं असं पोरांना एकच काही सुचलं. दुसऱ्या दिवशी यादी आली. म्हैस, गाय, म्हैस, बैल, म्हैस, म्हैस, कालवड, म्हैस.

शिवकन्येला आनंदच झाला. पोरांनी परिसरातून निवड केली! तिनं रात्रीच्या स्वयंपाकात ही बातमी नवऱ्याला सांगितली. नवरा उत्तरेश्वर दूध सोसायटीत फॅट काढायला होता. सकाळ-संध्याकाळ लोकांच्या दुधाला मार्क देणं हा त्याचा धंदाच, त्यामुळे या विषयात आपण घरातले वडीलधारे आहोत असं तो धरून चालायचा.

“ऐक माझं,” तो म्हणाला. “मार्क देणं लई वंगाळ काम हाय. कितीबी बरोबर दे, समोरचा म्हणतो मशीन खोटी. तू सगळ्यांना साडेतीन-साडेआठ लावून टाक.”

साडेतीन-साडेआठ म्हणजे चांगल्या गाईच्या दुधाचा ठरलेला दर्जा. तो लागला की गवळी खूश, सोसायटी खूश आणि भांडण नाही.

“मी दुधाला नाही, मुलांना मार्क देतेय.”

“दुधात नुसतं पाणी असतं. पोरात बाप असतो,” उत्तरेश्वर म्हणाला आणि भाकरी मोडली.

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की जेवण होईपर्यंत त्यानं ते आणखी दोनदा म्हटलं.

पोरातले बाप आठवडाभरातच निघाले. पहिले आले म्हाळू आणि सुग्रीव, एकमेकांचे सख्खे भाऊ आणि एकमेकांशी न बोलणारे. दोघांचीही पोरं नववीत, आणि दोघांत म्हैस एक. वाटणीत ती अर्धलीनं ठेवलेली. एकानं सांभाळायची, दूध अन् वासरं निम्मीनिम्मी.

“मॅडम,” म्हाळू खांबाकडे बघत म्हणाला, “म्हैस आमच्या दारात असती. वीस मार्कं आमच्या पोराला.”

“त्यांना सांगा,” सुग्रीव दुसऱ्या खांबाकडे बघत म्हणाला, “म्हैस निम्मी माझी हाय. धा मार्कं आमचे. वर रेडकू झालं तर त्याच्यातबी निम्मे.”

शिवकन्येनं समजावलं की मार्क म्हशीचे नसतात, बघण्याचे असतात. दोघं एका म्हशीला बघू शकतात आणि दोघांनाही वेगवेगळे मार्क मिळू शकतात. भाऊ ऐकत होते, मान हलवत होते, आणि बाहेर पडताना पाच वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी बोलले.

“बाई शिकलेली हाय, पण म्हशीतलं कळंना तिला.”

“न्हाई ना!”

मग एक बाई आल्या, त्यांची म्हैस भाकड होती, तर दुभत्या म्हशीपेक्षा मार्क कमी पडतील का अशी विचारणा करायला. एक गृहस्थ आले, त्यांना गाय बदलून मिळेल का हे पाहिजे होतं. शेजारच्या वत्सलाबाईंनी राणूला मांडीवर घेऊन रीतसर सल्ला दिला. “शिवकन्ये, पैला नंबर एका म्हशीला दिलास तर बाकीच्या घरची दुष्मनी. त्याच्यापरीस असं कर, गावाबाहेरच्या म्हशीला दे.”

ही माणसं असं का बोलतायत हे शिवकन्येला कळायला हवं होतं. दुष्काळाआधी दर साली तालुक्याला पशुप्रदर्शन भरायचं. जनावर धुऊन, पुसून, रंगवून न्यायचं, साहेबानं बघायचं, नंबर काढायचा. महिनाभर पोरगं म्हशीपुढं बसतंय, मग परीक्षा, मग मार्क, आणि ‘नमुना सोबत’. गावानं हिशोब जुळवला. पोराची नव्हे, जनावराची परीक्षा आहे. पोरगं फक्त दावं धरायला.

चेरमन मात्र स्वतः आले नाहीत. त्यांनी मुख्याध्यापक त्रिंबकसरांना बोलावलं आणि त्रिंबकसरांनी शिवकन्येला.

“अध्यक्षसाहेबांचा नातू धर्मराज,” त्रिंबकसर टेबलावरची धूळ बोटानं सरळ करत म्हणाले, “त्यानं साहेबांचा खिल्लारी बैल घेतलाय. जिल्ह्यात असा बैल नाही म्हणतात. तेव्हा वीस… म्हणजे आपण बैलाचा मान म्हणून…”

“सर, धर्मराजनं बैल पाहिला असेल तर वीसही देईन.”

त्रिंबकसरांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी माणसं निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्याकडे बघतात. “बाई,” ते हळूच म्हणाले, “तुमची सही अजून व्हायचीय.”

*

परीक्षेच्या दिवशी शिवकन्या नवी साडी नेसून शाळेच्या फाटकाशी आली आणि तिथंच थांबली.

मैदानात गुरं होती. एका रांगेत नव्हती, दोन रांगांत नव्हती. मैदान होतं तेवढी गुरं होती. म्हशी तेल लावून अशा चकाकत होत्या की त्यांच्या पाठीवर शाळेची इमारत दिसत होती. शिंगं लाल, हिरवी, सोनेरी. गळ्यात घुंगरं, कपाळावर बाशिंगं. चेरमनचा पांढराशुभ्र बैल मधोमध उभा, पाठीवर आरशांची झूल, आणि दावं धरून दोन गडी. धर्मराज त्यांच्या मागं, बैलापासून सुरक्षित अंतरावर. आणि सगळ्या गुरांच्या मागं मालक, मालकिणी, म्हातारी माणसं आणि राणूला कडेवर घेतलेल्या वत्सलाबाई.

“बघ गं राणू, आईचा पोळा!”

“हे काय आहे?” शिवकन्येचा आवाज चिरकला.

“नमुना, मॅडम,” नववीनं एका सुरात उत्तर दिलं.

तिला रडू येणार होतं, पण त्याआधी हसू आलं, आणि दोन्ही गिळून ती प्रश्न विचारायला वळणार एवढ्यात फाटकाबाहेर जीप थांबली. जीपमधून चेरमन उतरले. त्यांच्या कपाळावर घाम होता, टोपी हातात होती. त्यांच्यामागून हातात पॅड घेतलेले एक बारीक अंगाचे साहेब उतरले. छावणीच्या तपासणीला आलेले.

झालं होतं असं. साहेब न कळवता छावणीवर पोचले, तर छावणीत एक जनावर नाही. नुसते खुंटे. टँकरनं सकाळीच भरलेला पाण्याचा हौदही कोरडाठाक.

“जनावरं कुठं आहेत?” साहेबांनी विचारलं होतं.

“परीक्षेला गेलीत, साहेब,” छावणीवरचा राखणदार बोलला होता.

साहेब पुष्कळ छावण्या फिरले होते. जनावरं चरायला गेलीत, पाण्यावर गेलीत, पै-पाहुण्यांकडे गेलीत, सगळं ऐकलं होतं. परीक्षेला गेलेली त्यांना पहिल्यांदाच भेटत होती.

“आणि हौद?”

“आता परीक्षा म्हनल्यावर आंघोळ तर पायजे का न्हाई?”

मैदानात येईपर्यंत साहेबांचं नाक शिंकेआधी होतं तसं झालं होतं. “मोजणी आज झाली नाही,” ते म्हणाले, “तर मला छावणी रिकामी लिहावी लागेल. रिकामी छावणी बंद होते.”

छावणी बंद म्हणजे चारा बंद, आणि चारा बंद म्हणजे परवाच्या बाजारात या सगळ्या चकाकणाऱ्या पाठी कवडीमोलानं उभ्या. सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या एका ठिकाणी. नव्या साडीवर.

“मोजा की साहेब इथंच,” चेरमन अजिजीनं म्हणाले. “आमचीच जनावरं हायेत. कानात बिल्ले हायेत.”

साहेब पहिल्या म्हशीच्या कानाशी गेले. बिल्ला होता. पण शिंगं रंगवणाऱ्यानं उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून बिल्लाही सोनेरी केला होता. दुसऱ्या म्हशीचा हिरवा. तिसऱ्या गाईच्या बिल्ल्यावर कुणीतरी हौसेनं स्वस्तिक काढलं होतं.

“नंबर एक वाचता येत नाही,” साहेब म्हणाले. “शेजारच्या छावणीतली गुरं आणून उभी केली नाहीत, हे मी कशावरून मानू?”

शिवकन्येला राणू दिसत होती, सही दिसत होती, आणि म्हाळू-सुग्रीवची म्हैस दिसत होती, जी दोन्ही भावांकडे सारख्याच दुर्लक्षानं बघत होती. आणि मग, तिचं तिलाही कळायच्या आत, ती बोलून गेली.

“साहेब, पोरांना विचारा.”

“काय?”

“जनावर याच छावणीतलं असेल तर त्याला रोज बघणारं पोरगं इथंच आहे. तुमच्याकडे प्रत्येक जनावराचं वर्णन आहे ना, वय, खुणा, दात? तुम्ही ते वाचू नका. मी पोराला विचारते. त्याचं उत्तर जुळलं, तर जनावर तुमचं आणि मार्क त्याचे.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, लिंबाखालची खुर्ची पाहिली. “घ्या,” ते बसत म्हणाले.

अशी परीक्षा त्या शाळेत आधी झाली नव्हती, पुढंही झाली नाही. म्हाळूच्या पोरानं सांगितलं की म्हशीच्या डाव्या खुराला चीर आहे, म्हणून ती ओल्या जागेत उजवा पाय आधी टाकते. सुग्रीवच्या पोरानं सांगितलं की ती वाळका कडबा शेंड्याकडून खाते, आणि वरच्या जबड्यात तिला पुढचे दातच नाहीत, नुसती गादी. साहेब पॅडवर खूण करत होते, शिवकन्या वहीत. म्हैस जुळली! मैदानात टाळ्या पडल्या आणि भावांनी नकळत एकमेकांच्या पाठीवर थाप मारली, मग हात आपापल्या खिशात घातले.

एकेक जनावर पुढं येत गेलं. आणि गाव, जे आतापर्यंत वीसपैकी वीस मागत होतं, ते दम धरून ऐकू लागलं. एका मुलाला गाईचा डाग कुठल्या कुशीवर हे आठवेना, तर त्याची आजीच ओरडली, “फुकट देऊ नगा मॅडम, नीट इचारा! साहेबाला वाटंल आमी आणलेली हाय!” शिवकन्येला गहिवरून आलं. मूल्यमापनाचं महत्त्व बी.एड.च्या कुठल्याही पुस्तकानं तिला इतकं पटवलं नव्हतं.

शेवटी राहिला चेरमनचा बैल.

धर्मराज पुढं आला. बैलानं मान हलवली. धर्मराज मागं गेला.

“धर्मराज, बैलाचे दात किती?”

“गड्याला माहीत हाय.”

“बरं. तो कुठल्या कुशीवर बसतो?”

धर्मराज आजोबांकडे बघायला लागला. आजोबा बैलाकडे. बैल साहेबांकडे.

“मॅडम,” चेरमन जवळ सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “पोरगं घाबरलंय. देऊन टाका. अख्खं गाव बघतंय.”

गाव खरंच बघत होतं. त्रिंबकसर आकाशाकडे बघत होते. उत्तरेश्वर, सोसायटी बंद करून केव्हाचा येऊन उभा होता, तो दोन्ही हातांनी हवेत काहीतरी दाखवत होता, बहुधा साडेतीन-साडेआठ. शिवकन्येला एक आकडा लिहायचा होता. लिहिला की सही, पगार, कपाटाबाहेरची पदवी, सगळं जाग्यावर. पण तिच्या वहीत वर सुग्रीवच्या पोराचे अठरा होते, आणि ते त्यानं कडबा खाणं निरखून मिळवले होते.

“धर्मराज,” ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली, “तू रोज छावणीवर जायचास ना? खरं सांग. काय बघायचास?”

धर्मराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “साळुंकी.”

“काय?”

“बैलाजवळ जायला भ्या वाटतं मला, मॅडम. मी लांब दगडावर बसायचो. तिथनं त्याच्या पाठीवरची साळुंकीच दिसायची.” आणि मग बांध फुटल्यासारखं ते पोरगं बोलत सुटलं. साळुंकी एकटी येत नाही, जोडीनं येते. एक गोचीड टिपते, दुसरी राखण करते. चिमणीसारखी टुणटुण उड्या मारत नाही, पायी चालते. बैलानं कान हलवला की वशिंडावर सरकते, शेपूट हलवली की मानेवर. उडाली की पंखात पांढरा पट्टा दिसतो. टँकरच्या नळातून थेंब गळतो, तिथं ती आपल्या आधी नंबर लावते.

साहेबांनी पॅड मांडीवर ठेवलं. चेरमनचा आ उघडा राहिला होता.

शिवकन्येनं वहीत आकडा लिहिला आणि मोठ्यानं वाचला. “धर्मराज, वीसपैकी एकोणीस.”

मैदानात जल्लोष झाला. चेरमननी टोपी डोक्यावर चढवली, नातवाच्या पाठीवर हात ठेवला आणि साहेबांकडे वळले. “मग लिवा साहेब, बैल.”

“बैल कसा लिहू?” साहेब म्हणाले. “त्याची ओळख कुणीच पटवली नाही.”

“अवो, पोरगं पास झालं की!”

“साळुंकीत झालं.”

चेरमननी शिवकन्येकडे पाहिलं. तिला पळावंसं वाटत होतं, पण मागं म्हशी होत्या. “अध्यक्षसाहेब,” ती म्हणाली, “साहेबांचं बरोबर आहे.”

“म्हंजे पोरगं पास,” चेरमन एकेक शब्द तोलत म्हणाले, “अन् बैल नापास?”

मैदानात कुणीतरी खोकलं. त्या खोकल्यात हसू होतं, आणि ते सगळीकडे पसरायच्या आत साहेबांनी शेरा लिहिला: छावणी सुरू ठेवावी, एका बैलाची ओळख संबंधित शिक्षिकेनं पटवून कळवावी.

*

आठवडाभर शिवकन्येला झोप आली नाही. राणूला दोनदा उगाचच थर्मामीटर लावलं. उत्तरेश्वर सामान बांधायची भाषा करत होता, आणि वत्सलाबाईंनी तर सासरी जाणाऱ्या लेकीची भरतात तशी तिची ओटी भरून टाकली. सहीचा कागद त्रिंबकसरांच्या टेबलावर होता, तसाच.

चेरमन म्हणे रोज छावणीवर जात होते आणि लांब दगडावर बसत होते. कशासाठी, ते कुणालाच कळत नव्हतं.

सोमवारी तिसऱ्या तासाला वर्गाच्या दारात सावली पडली. चेरमन उभे होते, स्वच्छ धोतर, टोपी, आणि मागं मैदानात लिंबाला बांधलेला बैल. झूल नाही, रंग नाही.

“मॅडम,” ते म्हणाले, “बैलाची फेरपरीक्षा घ्या. मी बसतो.”

नववी उठून उभी राहिली. चेरमन पहिल्या बाकाशेजारी उभे राहिले, हात पाठीशी बांधून. शिवकन्येनं वही उघडली. 

दात? खालचे आठही आलेले, तोंड जुळलेलं. कूस? डावी. उजव्या मांडीवर जुना व्रण, नांगराचा फाळ लागलेला. पाणी पिताना आधी हुंगतो, मग ओठ बुडवतो. गोचीड सगळ्यात जास्त मानेखाली, “अन् साळुंकी जोडीनंच येती, पोराचं खरं हाय.” चेरमनचा आवाज चढत गेला. सभेत कधी नव्हता इतका तो आनंदी वाटत होता.

“शेवटचा प्रश्न,” शिवकन्या म्हणाली. “बसलेला बैल उठताना आधी पुढचे पाय उचलतो की मागचे?”

चेरमन थांबले. बसलेला बैल त्यांनी महिनोन्‌महिने पाहिला असेल, पण उठताना? माणूस खुर्चीवरून उठतो तसा… त्यांची नजर हळूच वर्गावर फिरली. तिसऱ्या बाकावर धर्मराज होता. त्यानं दोन्ही कोपरं बाकावर टेकली होती, डोकं खाली घातलं होतं, आणि तो अत्यंत प्रामाणिकपणे, सावकाश, आधी आपलं बूड वर उचलत होता.

“मागचे!” चेरमन गरजले.

“उत्तर बरोबर,” शिवकन्या म्हणाली. “पण ते तुम्ही बाक तीनवरून घेतलंत. कॉपीचे दोन मार्क गेले. अठरा. आणि धर्मराज, तुझाही एक.”

वर्गात टाचणी पडली असती तर नववीनं तिचंही निरीक्षण केलं असतं.

चेरमननी टोपी नीट केली आणि सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. शिवकन्या दारात उभी राहून ऐकत होती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पेनाचं टोपण, मग कागदावर कुरकुर.

“ऱ्हाऊ द्या हिला, त्रिंबकराव,” चेरमन म्हणत होते. “मला पैल्यांदा कुणी तरी खरे मार्कं दिले. अन् हां, त्या दूध सोसायटीत फॅट कोण काढतंय सध्या? सगळ्यांना साडेतीन-साडेआठ, असं कुठं असतंय व्हय? सकाळच्या टायमाला ही बाई बसवा तिथं.”

त्या रात्री शिवकन्येनं पुरण घातलं. राणू दोनदा मागून जेवली. उत्तरेश्वरला मात्र घास गोड लागेना.